पालथा मग

मार्गशीर्षातलं धुकं. पठारभर पसरलेलं दुधाळ, निःशब्द, निगरगट्ट धुकं. धावपट्टीच्या भेगांतून उगवलेल्या कुसळी गवतावर दवाचे मणी, आणि प्रत्येक मण्यात एक न उगवलेला सूर्य. जुन्या हँगरचं कमानदार छप्पर त्या शुभ्रतेत तरंगत होतं, कुणीतरी जमिनीवर पालथ्या घातलेल्या प्रचंड भांड्यासारखं.

हँगरच्या दारात हेमांगी धारप उभी होती. धुक्याची आणि तिची जुनी ओळख. या धुक्यात तिचा बाप नाहीसा झाला. या धुक्याआड एक माणूस लपला, आणि लपल्या लपल्या मोठा झाला, मानाचा झाला, म्हातारा झाला.

आज तो माणूस येणार होता. तिनंच बोलावलं होतं. मांजरीच्या सावध, मखमली, नखं मिटलेल्या संयमानं ती वाट पाहत होती.

*

श्येन. ससाण्याच्या कुळातला झेपावणारा, रक्तनेत्र, वक्रचंचू पक्षी. त्याच्या नावाची ही लढाऊ विमानांची स्क्वाड्रन. श्येन या पठारावरून उडाली, या पठारावर उतरली, आणि एके दिवशी धावपट्टी गवताच्या हवाली करून दुसऱ्या तळावर निघून गेली. मागे उरलेल्या हँगरमध्ये तिचं संग्रहालय होणार होतं. मांडणीचं काम हेमांगीनं मागून घेतलं. लोकांना वाटलं, लेकीची श्रद्धा.

तिनं वाटू दिलं.

वर्षभर ती मांडत होती. आधी तिनं आभाळ मांडलं. छताला निळा, त्याहून निळा, कडेला रात्रीसारखा. मग पंख मांडले, वाकलेले, भाजलेले, चकाकणारे. मग छायाचित्रांतले तरुण मांडले, गॉगलआड हसणारे, कधीच म्हातारे न होणारे. मग अगदी मध्यभागी, काचेच्या कपाटात, एक सागवानी फळी मांडली.

मगांची फळी.

श्येनच्या प्रत्येक वैमानिकाचा एक मग असे. चिनीमातीचा, पांढरा, पोटावर निळा ससाणा. उडण्याआधी त्यात चहा, उतरल्यावर त्यात चहा. जो उतरला नाही, त्याचा मग फळीवर पालथा व्हायचा. पालथा करण्याचा मान लीडरचा. त्या उड्डाणात जो सर्वांत पुढे होता त्याचा. बाकीचे टोप्या काढून उभे राहत, आणि लीडर सांगे, कुणी नेला. 'शत्रूनं नेला.' किंवा, 'आभाळानं नेला.' तेवढंच. पहिला लीडर याच पठारावरचा, म्हणून शब्द मराठी राहिले. पंजाबचा पोरगा असो की तामिळनाडूचा, दोस्ताला निरोप देताना 'आभाळानं नेला' असंच म्हणायचा, आपल्या हेलात.

लीडरच गेला तर मान त्याच्या मागे उडणाऱ्याचा. तोही नसेल तर त्याच्या मागच्याचा.

एकदा पालथा झालेला मग पुन्हा सरळ होत नसे.

आणि जो स्वतःच्या चुकीनं मेला, त्याचा मग पालथा होतच नसे. तो फळीवरून उचलून घरी पोचवायचे. सरळ. उताणा. जणू त्यात अजून चहा ओतायचा आहे.

फ्लाइट लेफ्टनंट शशांक धारपांचा मग घरी पोचवला गेला.

*

तीन विमानं. पुढे सरंजामे, त्यांच्यामागे धारप, शेवटी बोपर्डीकर. मार्गशीर्षातली अशीच सकाळ, करवतकड्याखालची अरुंद दरी, आणि दरी काठोकाठ धुक्यानं भरलेली. मागच्यांनी लीडरच्या शब्दावर उडायचं. लीडर रेडिओवर 'वर' म्हणाला की सगळ्यांची नाकं वर.

सरंजामे वर गेले.

धारप

 

कडा.

चौकशीत सरंजामे म्हणाले, मी 'वर' म्हणालो होतो, धारपनं ऐकलं नाही. वैमानिकाची चूक. चौकशीत बोपर्डीकर म्हणाले, आठवत नाही.

तेराव्याला मात्र बोपर्डीकर घरी आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि हेमांगीच्या आईला म्हणाले, "वहिनी, आवाज आलाच नव्हता. पुढे जाळ दिसला म्हणून मी वर खेचलं." चहा न घेता उठले. परत कधी आले नाहीत.

*

लहानपणी हेमांगी गोष्ट मागायची.

बाबा उडाले.

मग?

मग धुकं आलं.

मग?

मग आई फडताळाकडे बघायची. तिथे तो असायचा, पांढरा, गप्प, पोटावर ससाणा घेऊन. पोरीला बरीच वर्षं वाटत होतं की प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जो येतो, तो हाच मग.

आईनं त्यात मीठ भरलं होतं. मीठ धातूत ठेवत नाहीत, चिनीमातीत ठेवतात. बघणाऱ्याला त्यात नवल वाटायचं नाही. आमटीत त्या मगातली चिमूट. भातात त्या मगातली चिमूट. कैरीच्या फोडींवर, ताकात, आजारातल्या पेजेत, त्या मगातली चिमूट. हेमांगी त्या मिठावर वाढली. ते तिच्या घामात होतं, ते तिच्या डोळ्यांत होतं. तळ दिसायच्या आत आई मग पुन्हा भरायची. सरंजाम्यांकडून दर दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. तो न उघडता मोलकरणीला द्यायची, आणि हात धुवायची.

घरात सूड हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो जेवणात असायचा. चवीपुरता.

आज सकाळी हेमांगीनं मग उचलला तेव्हा कुमुदताईंनी, तिच्या आईनं, आपला वाळलेला पंजा त्याच्या तोंडावर ठेवला.

"रिकामा करू नकोस. भरलेलाच ने."

"आणि स्वयंपाक?"

"आज अळणी जेवू," आई म्हणाली. "तू जा."

*

धुक्यातून आधी टोप्या उमटल्या. मग काठ्या, मग माणसं. श्येनचे उरलेले. वाकलेले गुडघे आणि न वाकलेल्या माना. प्रत्येकाच्या हातात, नातवाला धरावं तसा, आपापला मग. आज तो आपल्या हातानं फळीवर ठेवायचा. संध्याकाळी कपाटाला पुढची काच बसणार, कायमची.

सर्वांत शेवटी एअर कमोडोर सरंजामे. रजतकेश, पदकमंडित, ताठ. आणि तो आवाज. घंटेसारखा, भरदार, वज्रकंठातून उमटणारा. हँगरच्या या टोकाला ते बोलले की त्या टोकाचा पत्रा थरथरे. असा आवाज एका सकाळी ऐकू गेला नाही म्हणे.

"काय बेटा, आम्हाला कुठे बसवणार? कोपऱ्यात टाकू नकोस हं म्हाताऱ्याला."

"मधोमध, सर."

"वा. आणि सगळं जसं होतं तसंच ना? संग्रहालयाच्या समितीला मी बजावलंय, परंपरेत काना-मात्रा हलता कामा नये."

"काना-मात्रा हलणार नाही, सर."

तिनं मान लववली. लववलेल्या मानेखाली तिचं काळीज शांत होतं, दगडी पाट्यासारखं शांत, ज्यावर आता काही वाटायचं आहे. आज दोन मगांपैकी एक आधी पालथा होणार होता. कुठला, ते सरंजाम्यांनी ठरवायचं होतं. तेवढी मुभा तिनं ठेवली होती. तिच्या बापाला तेवढीही मिळाली नव्हती.

एकेक मग फळीवर बसला. मेलेल्यांचे आधीच पालथे होते, बर्फाच्या लहान लहान टेकड्यांसारखे. जिवंतांचे सरळ. मधोमध सरंजाम्यांचा. त्याच्या शेजारी एक रिकामी जागा, पडलेल्या दातासारखी.

त्या जागी हेमांगीनं पिशवीतला मग ठेवला. सरळ. काठोकाठ भरलेला.

"हा कुणाचा?"

"शशांक धारप, सर. तुमच्या मागे उडायचे."

सरंजामे वाकले. "आणि हे आत काय?"

"मीठ. तुम्ही मग आणून दिलात ना, त्या आठवड्यापासून."

हँगरमध्ये एक पारवा पंख फडफडवून दुसऱ्या तुळईवर गेला. कुणाची तरी काठी जमिनीवर घासली.

"हा पालथा करायचा राहिला आहे, सर," हेमांगी म्हणाली. "मान तुमचा."

सरंजाम्यांचा हात उठला. अंगठीचा, पदकांशी सलगी असलेला, सलामीत मुरलेला हात. तो मगापर्यंत आला आणि मगाच्या कानापाशी थांबला. चिनीमातीचा एक पोकळ कान. कधीतरी एका शब्दासाठी टवकारलेला, अजून टवकारलेलाच. त्या हातानं मग उलटला असता तर उलटता उलटता म्हणावं लागलं असतं, याची चूक नव्हती. याची नव्हती तर कुणाची?

हात मागे आला.

"बेटा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच पत्र्यापर्यंत पोचला नाही, "याला तो हक्क नाही. चौकशी झालेली आहे. इथे ठेवलास, मी काही बोललो नाही, हेच पुष्कळ समज."

तिला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. हा माणूस उदार होईल. 'आभाळानं नेला' म्हणेल, डोळे पुसेल, तिच्या डोक्यावर हात ठेवेल, आणि सगळं स्वस्तात गिळून टाकेल. तो उदार झाला नाही. तिच्या छातीत काहीतरी केशरी, प्रखर, सुंदर पेटलं.

"बरं, सर," ती म्हणाली.

आणि हात पुढे करून तिनं मधोमध ठेवलेला त्यांचा मग पालथा केला.

टक्.

चिनीमाती सागवानाला टेकल्याचा एवढासा नाद. पण तो नाद त्या म्हाताऱ्यांच्या हाडांना ठाऊक होता. डोक्यांना कळायच्या आत हातांना कळलं. एक टोपी उतरली. दुसरी उतरली. मग पानगळीसारख्या, नीरव, एकामागून एक, सगळ्या टोप्या उतरल्या, आणि टक्कल पडलेली, पांढरी, तपकिरी डागांची मस्तकं झुकली.

"कोण गेलं?" मागून बहिऱ्या कर्णिकांनी विचारलं.

"लीडर," शेजारचा म्हणाला. आणि म्हणाल्यावर त्याला कळलं, आपण काय म्हणालो.

"अरे, मी जिवंत आहे," सरंजामे म्हणाले.

कुणी टोपी घातली नाही.

त्यांनी आपल्या मगाकडे हात नेला. आणि सगळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं. पालथा झालेला मग सरळ होत नाही. तिथे प्रत्येकाला हे पाठ होतं, सर्वांत पाठ त्यांनाच. काना-मात्रा हलता कामा नये. हात हवेत राहिला, उतरायला धावपट्टी न सापडलेल्या विमानासारखा घिरट्या घालत, घिरट्या घालत, आणि हळूच खिशात गेला.

"बोपर्डीकर काका," हेमांगी म्हणाली.

खांबाआडून एक कृश आकृती पुढे झाली. उंबऱ्यावर बसलेला, चहा न घेतलेला, परत न आलेला माणूस. तिला त्याची दया आली नाही. त्याच्यासाठीही या मांडणीत जागा राखलेली होती.

"लीडर गेले," ती म्हणाली. "त्यांच्या मागचा आधीच गेला. आता मान तुमचा."

बोपर्डीकरांनी सरंजाम्यांकडे पाहिलं. "सर," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हातांत धारपांचा मग घेतला, ओंजळीत पाणी घ्यावं तसा, आणि उलटला.

मीठ कोसळलं. शुभ्र, सूक्ष्म, सहस्रकण मीठ. फळीवर त्याचा डोंगर झाला, डोंगराचा कडा झाला, आणि कड्यावरून ते खाली ओघळू लागलं. त्याच्यावर रिकामा मग पालथा टेकला.

आता सांगायचं होतं, कुणी नेला.

बोपर्डीकरांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

हेमांगी थांबली. तिचं सगळं आयुष्य थांबलं. मृत तरुण छायाचित्रांतून थांबले, तुळईवरचा पारवा थांबला, दाराबाहेर धुकं थांबलं.

मग?

मग आवाज आला. खोल दरीतून वर चढत, धापा टाकत, उशिरा, फार उशिरा, पण आला.

"लीडरनं नेला."

बाहेर धुकं फाटलं. छपराच्या खिडकीतून उन्हाचा एक तिरका भाला आत घुसला आणि फळीवर येऊन रुतला. त्या उजेडात मीठ झरत राहिलं. फळीच्या काठावरून, कणाकणानं, झळझळत, सरंजाम्यांच्या चकचकीत काळ्या बुटांवर. ते बाजूला झाले नाहीत. बघता बघता बूट पांढरे झाले.

आणि पठाराच्या पल्याड, एका लहानशा स्वयंपाकघरात, अळणी भाताला वाफ आली. कुमुदताईंनी दोन पानं मांडली, मूद पाडली, आणि सवयीनं हात उचलला. फडताळात मग नव्हता. हात तसाच, हलका, रिकामा, पदराखाली आला.