आबांचा चिमटा

आबांचा स्वभाव सांगायचा तर, वस्तू जागच्या जागी नसली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. प्राणिसंग्रहालयाच्या कीटकघरात त्यांची बावीस वर्षं गेली होती. पाण्यातला प्राणी पाण्यात आणि झाडावरचा झाडावर, हा तिथला कायदा त्यांचाच.

अशात टाकीत पाणढेकणांची जोडी आली. नाव ढेकूण, पण प्रकार तळहाताएवढा! अंग वाळक्या पानासारखं चपटं नि तपकिरी, पुढचे दोन पाय सांडशीसारखे. शेपटाकडची नळी श्वासासाठी पाण्याबाहेर काढून नर तासन्‌तास निपचित पडायचा. मासा जवळून गेला की संपलाच. पायांत आवळायचा, सोंड खुपसायचा आणि त्याला आतून विरघळवून सावकाश प्यायचा. बेडूकही सोडायचा नाही.

मादीने पाण्यातून वर आलेल्या काठीवर ऐंशीएक अंडी घातली आणि ती मोकळी झाली. कीटकघराच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी तिला दुसऱ्या टाकीत हलवलं आणि त्या आठवडाभर परगावी निघाल्या. जाताना आबांना बजावून गेल्या, की ही फुटली तर आपल्याकडे पहिल्यांदाच, जीव लावून जपा.

दुसऱ्या सकाळी आबा बघतात तर नर काठीवर, अंड्यांना कवटाळून बसलेला. खातोय की काय मेला! आबांनी लांब चिमट्याने त्याला अलगद पाण्यात सोडलं. तासाभराने स्वारी पुन्हा वर. पुन्हा चिमटा. चार दिवस हाच खेळ चालला. शेवटी गुरुवारी आबांनी काठीभोवती प्लास्टिकची चकती बसवून त्याची वाटच बंद केली.

घरीही त्यांचं हेच चाललं होतं. मुलाने बाळासाठी वर्षभर नोकरी सोडली होती. सून कामाला जायची आणि हा धडधाकट बाप्या दुपटी वाळत घालायचा. आबांना ते बघवेना. उठता-बसता टोमणे मारून झाले, मग त्यांनी परस्पर एका मित्राच्या छापखान्यात शब्द टाकला. शनिवारी दहाला मुलगा तिथे जाणार, असं ठरवूनही टाकलं. मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन आत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी अंडी सुरकुतलेली दिसली. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक मुंगी वाया गेली नव्हती. त्यांनी बाईंना फोन लावला आणि चिमट्यापासून चकतीपर्यंत सगळं कबूल केलं. मग बाईंनी समजावलं, की या जातीत आई अंडी घालून निघून जाते. बाप अंगावर पाणी घेऊन काठी चढतो, ते अंड्यांवर निथळवतो, त्यांच्यावर सावली धरतो, राखण करतो. तो नसला तर अंडी वाळून जातात.

"आबा, तो अंडी खात नव्हता हो," बाई म्हणाल्या. "तो कामावर होता."

आबांनी लगेच चकती कापली. नराने राग धरला नाही. दहा मिनिटांत ओलाचिंब होऊन वर चढला आणि जागेवर बसला. आबा स्टूल ओढून समोर बसले. दिवसभर तो वर-खाली करत राहिला, आणि त्यांनी चिमटा खुंटीवरून काढलाच नाही.

शनिवारी सकाळी अंडी फुटली. वीसएक तशीच राहिली, त्याचं आबांना फार लागलं. पण बाकीची पिवळसर पिल्लं टपाटप पाण्यात पडली आणि पहिल्याच दिवशी एकमेकांकडे वाईट नजरेने बघू लागली. पंख फुटेपर्यंत त्यांना पाच वेळा कात टाकायची होती. आबांना रडूच आलं.

सव्वादहाला छापखानेवाल्या मित्राचा फोन आला. मुलगा अजून पोचला नाही म्हणून तो कुरकुरत होता.

"नाही यायचा तो," आबा म्हणाले. "कामावर आहे."

कुठे लागला, असं मित्राने विचारलं.

"घरीच. माझ्या नातीपाशी."