खिंडार बुजलं त्या दिवशी

साल १९३६. टोपल्यातल्या मुरमात एक शंख होता... गोगलगायीचा, नखाएवढा, आतून रिकामा — आसराबाईला वाटलं, कानाला लावला तर यात पाणी ऐकू येईल का. पण दोन्ही हात डोक्यावर घ्यायच्या टोपल्याच्या कडेला होते, आणि पुढची बाई सरकली की आपणही सरकायचं होतं.

"चल की जल्दी, आसरे! झोपा काढून राह्यली का?" मागून शेजारची दुर्गाबाई ओरडली. "सोनं हाय वाटतं टोपल्यात, हळूच नेऊन राह्यली."

बायका हसल्या. तीही हसली.

नदी आणि गाव यांच्यामधला हा मातीचा बांध सरकारनं घालायला घेतला तो तुफानामुळंच. काही वर्षांमागं उगवतीच्या दर्यावरून वारं आलं म्हणे — दर्या कुणी पाहिला होता! — कडुलिंब मुळासकट आडवे झाले, पाऊस खंडेना, आणि नदी वेशीतून आत येऊन घराघरात फिरली, नवी पाहुणी माजघर बघत फिरते तशी... गोठ्यात बैल दाव्याला हिसके देत होते. ते सोडायला आसराबाईचा नवरा पाण्यात उतरला. बैल आले. तो... पाठ दिसत होती, ओली पाठ, आणि मग नुसता गढूळ रंग.

माणसं पार वाटूरच्या पलीकडं शोधून आली. प्रेत नाही म्हणून दहावं नाही. सासू, गोजरबाई, दर दिवाळीला कासाराला ओट्यावर बसवून सुनेच्या हातात चुडा भरायची. "तुझ्या हातात बांगड्या हाईत तवर माझं लेकरू कुठंतरी हाय." हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या, पण कुंकू लावताना त्यांचं बोट जरासं थबकायचं. रडावं तर मेलेल्यासाठी; ज्याची वाट पाहायची त्याच्यासाठी रडणं अशुभ. तिला एकदा रडून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आज हलगी वाजवत बांधातलं शेवटचं खिंडार बुजायचं होतं. गावानं रीत ठरवली — प्रत्येक घरचं एक टोपलं सुनेनं टाकायचं, आणि मागून सासूनं घरच्या कर्त्याचं नाव सांगायचं. सुनेनं कसं सांगावं? बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं.

खिंडारातून नदी दिसली. उन्हाळ्यातली, बारीक, पोरीच्या वेणीसारखी. याच वाटेनं गेला... आला तर याच वाटेनं येईल, धोतर पिळत, आणि मी म्हणेन — भाकरी गार झाली की हो. तो काय म्हणेल? तोंडच दिसेना. कितीही आठवलं तरी पाठच. पाठीला कुठं बोलता येतं...

"घर कुणाचं?" बांधाच्या कामावरच्या कचरू मुकादमानं विचारलं.

मागं गोजरबाईनं श्वास घेतलेला तिला ऐकू आला. त्याच्या आधीच —

"इंद्रभानाचं."

आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. टोपलं रितं झालं. हलगी थांबली.

"अगं बाई, नवऱ्याचं नाव घेतलं हिनं!" दुर्गाबाई पुटपुटली.

"काय बोलली तू?" गोजरबाईनं तिचं मनगट धरलं. "आसरे, त्याला लागंल की गं..."

"न्हाई लागणार," ती म्हणाली. "आता न्हाई लागत, आत्याबाई."

म्हातारी तिथंच मातीवर बसली. आसराबाई तिच्याजवळ टेकली. रडू येईल म्हणून थांबली, आलं नाही. दोघींसमोर बायका टोपली ओतत राहिल्या, आणि नदी दिसेनाशी झाली.

बांध टिकला. गावात पुन्हा पाणी शिरलं नाही. समोरच्या काठाची रानं मात्र तेव्हापासून दर पावसाळ्यात खरवडून जाऊ लागली. कचरू मुकादम बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या बांधावर गेला. दुर्गाबाई ही गोष्ट नव्या सुनांना सांगत राहिली, दरवेळी थोडी वाढवून. त्या दिवाळीला कासार आला तेव्हा गोजरबाईनं त्याला पाणी दिलं आणि पुढं जाऊ दिलं. पुन्हा त्याला ओट्यावर बसवलं नाही, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात गेली तोवर.

आसराबाई पावसाची झड लागली की अजून उंबऱ्यात बसते. बांधापलीकडं पाणी बोलत असतं. सवयीनं कान टवकारतात... आणि मग कळतं, आपण कुणाची वाट पाहत नाही. तेवढी जागा आत मोकळी पडली आहे — पूर ओसरल्यावर घराची जमीन असते तशी, ओलसर, गार. तिथं पाय ठेवावा की नाही, एवढंच तिला अजून कळलेलं नाही.