माझ्या पाण्यातले गप्पी मासे

मित्रांनो, आधी दोन पावलं मागे सरा आणि मग ऐका. मी ट्रॅक्टरचा एक जुना टायर आहे, मागच्या उजव्या चाकाचा. दारव्ह्याजवळच्या एका गावात, शाळेच्या सायकली ठेवायच्या पत्र्याखाली मी पडून आहे. मला भीती वाटते. एवढा दांडगा टायर आणि भितो कसला, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. झाडाचा चीक, काजळी, गंधक आणि कसली कसली रसायनं एकत्र मळून मला घडवलं. त्यात एक औषधही होतं. हवेनं रबराला तडे जाऊ नयेत म्हणून ते घालतात. तिथला एक वयस्कर कामगार नव्या पोराला सांगत होता, "हे औषध आत बसून राहत नाही. हळूहळू वर येतं, म्हणून तर टायर टिकतो." मला केवढा अभिमान वाटला! ते औषध वर येऊन पुढे कुठे जातं, हे त्याला विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

धनसिंगभाऊंनी मला त्यांच्या ट्रॅक्टरला बसवलं. मी वखरणी केली, रोटाव्हेटर ओढला, कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या दारव्ह्याच्या बाजारात नेल्या. चिखलात दुसऱ्यांचे ट्रॅक्टर रुतायचे, आमचा निघायचा. धनसिंगभाऊ माझ्यावर थाप मारून लोकांना सांगायचे, "हा टायर नाही भाऊ, माहा बैल आहे बैल!" मी आतून आणखी फुगायचो. हवा कमी असली तरी.

नवा होतो तेव्हा माझ्या खाचेत माणसाचं अख्खं बोट बुडायचं. दहा वर्षांत नखही बुडेना. एकदा नाल्याच्या पुलावर ट्रॅक्टर उभा असताना माझ्या मनात आलं, की एवढं रबर गेलं कुठे? ते काही हवेत विरघळलं नसणार. डांबरी रस्त्यावर घासून घासून त्याची भुकटी झाली असणार, आणि ती पावसानं वाहून ह्याच नाल्यात आली असणार. खाली गाई पाणी पीत होत्या. मी घाईघाईनं दुसरा विचार करू लागलो. पहिल्यांदा भ्यालो तो तिथे.

मग आम्हां दोघांना उतरवलं. दोघं म्हणजे मी आणि माझा जोडीदार, डाव्या चाकाचा. दोघं गोठ्यामागे पडून होतो. त्या साली सोयाबीनमध्ये रानडुकरं फार माजली होती. धुरानं ती पळतात म्हणून एका दिवेलागणीला धनसिंगभाऊंनी जोडीदाराला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेलं आणि पेटवलं. काळ्या धुराचा लोट गावावर आला. लोकांनी दारं लावून घेतली, म्हातारी माणसं खोकून बेजार झाली. सकाळी धुऱ्यावर नुसत्या तारांचं वेटोळं उरलं होतं. तेव्हापासून कुणी काडी ओढली की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. देवा, मला जाळू नको, एवढंच मी म्हणायचो.

आणि देवानं ऐकलं! शाळेचे मुख्याध्यापक पुंडलिकराव मला मागायला आले. शाळेत मुलांच्या खिचडीसाठी मेथी-पालकाची परसबाग होती आणि तालुक्याच्या परसबाग स्पर्धेत त्यांना बक्षीस हवं होतं. टाकाऊ वस्तू वापरल्या तर तिथे जास्त गुण मिळणार होते. दारव्ह्याच्या टायरवाल्या डोमाजींनी मला कापून उलटं केलं, तळाला सिमेंट भरलं, आणि माझा छोटा हौद झाला. बाहेरून पिवळा रंग, त्यावर दोन डोळे आणि हसरं तोंड. मित्रांनो, मरणाच्या दारातून मी थेट मुलांच्या घोळक्यात आलो. मी किती हरखलो म्हणून सांगू!

साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात म्हणून उपकेंद्रातल्या नर्सताईंनी दहा गप्पी मासे आणून दिले. डासांच्या अळ्या खाणारे, बोटाच्या पेराएवढे मासे. ते सांभाळायचं काम सहावीतल्या खुशीकडे आलं. खुशी रोज मधल्या सुट्टीत यायची, बैलाच्या पाठीवर मारावी तशी मला थाप मारायची आणि आपल्या ताटातली दोनच शितं पाण्यात टाकायची. धनसिंगभाऊंच्या थापेत तोरा होता. हिच्या थापेत माया होती.

चौथ्या दिवशी एक मासा पोट वर करून तरंगला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन, आणि पुढच्या दोन दिवसांत अजून तीन. माघ संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. दुपारी पाणी कोमट व्हायचं आणि माझा रबरी वास मलाच यायचा. माझ्या अंगातून काहीतरी सुटतंय हे मला कळत होतं. कारखान्यातलं ते वाक्य मला आठवलं, आणि नाल्यातल्या गाईही.

पुंडलिकराव चिडले. "खुशी, जास्त भात टाकला असशील तू! पाणी नासलं त्यानं."

"नाही सर," खुशी रडवेली होऊन म्हणाली, "दोनच शितं टाकतो मी. मावशीले विचारा."

मावशी म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या सत्यशीलाताई. त्यांनी खुशीची बाजू घेतली, पण सरांना पटलं नाही. "खुशीनं मासे मारले" असं पोरं तिला चिडवू लागली. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे तिनं नाही, मी मारले! पण माझ्या तोंडावर रंगानं काढलेलं हसू होतं. मी हसतच राहिलो. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

उरलेल्या चारांतले दोन मासे खुशीनं एका काचेच्या बरणीत काढले. शाळेच्याच नळाचं पाणी भरलं, बरणी स्वयंपाकखोलीच्या खिडकीत ठेवली आणि मोजून तीच शितं टाकली. माझ्याकडचे दोघे शनिवारपर्यंत मेले.

सोमवारी नळ आला नाही. दुसऱ्या दिवशी परसबाग बघायला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांना दाखवायला बाकीची मेथी राखून ठेवली होती, पण दोन जुड्या आजच्या खिचडीसाठी काढल्या होत्या. सत्यशीलाताई बादली आणि मेथी घेऊन माझ्याकडे आल्या. आपल्याशीच बोलत होत्या, "धुण्यापुरतं तं पाणी आहे यात. मासे मेले, पण पाणी साफ दिसते."

मित्रांनो, आगीला मी इतकी वर्षं भ्यालो, पण त्या क्षणी जे भय वाटलं ते निराळंच. आगीत मी एकटा जळलो असतो. आणि इथे साठ-सत्तर पोरं ताटं घेऊन बसणार होती. बादली माझ्या पाण्यात बुडली. फुटता आलं असतं तर मी फुटलो असतो, सगळं पाणी सांडून टाकलं असतं. पण डोमाजींनी तळ फार पक्का केला होता.

"मावशी, थांब! थांब ना वं!" बरणी छातीशी धरून खुशी धावत आली.

"काहून वं? काय झालं?"

"हे पाय. नळ तोच, भात तोच. बरणीतले दोघं जिते हाय आन् यातले आठही मेले. माह्या भातानं मेले असते तं हे बी मेले असते ना?"

सत्यशीलाताईंनी बरणीकडे पाहिलं. मग ओंजळीत माझं पाणी घेतलं, हुंगलं आणि ओंजळ तशीच सोडून दिली. "टायरचा वास येऊन राह्यला पोरी," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी बादली बाजूला सारली आणि सरांना हाक मारली.

पुंडलिकराव आले. उद्याच्या पाहणीची त्यांना काळजी होती, ते तोंडावर दिसत होतं. पण बरणी हातात घेऊन ते बराच वेळ दोन्ही मासे बघत राहिले. मग सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "खुशी, मी तुझ्यावर उगाच रागावलो. चूक माझी होती." मेथी हापशीवर नेऊन धुतली. दुसऱ्या दिवशी परसबागेत हौद नव्हता आणि बक्षीसही दुसऱ्या शाळेला गेलं.

मला न्यायला धनसिंगभाऊ आले. "द्या इकडं, धुऱ्यावर पेटवून देतो," असं म्हणाले तेव्हा माझं काय झालं असेल!

"धुरातून बी तेच निघन ना भाऊ?" खुशीनं विचारलं.

धनसिंगभाऊ पायानं माती उकरत म्हणाले, "खरं आहे बाई. पहिला जिथं जाळला, तिथं दोन वर्षं सोयाबीन धड उगवलं नाही."

म्हणून मी ह्या पत्र्याखाली आहे. कोरडा, सावलीत. जुने टायर नीट मोडून घेणारी गाडी येईल, असं पुंडलिकराव म्हणतात. ती खरंच येते का, आणि येऊन कुठे नेते, मला ठाऊक नाही. गाडीचा आवाज आला की मी अजून दचकतो.

मित्रांनो, मी वाईट नाही. तुमची शेतं मी नांगरली आहेत. पण माझ्या पोटात काय आहे ते तुम्हीच घातलं आहे, आणि ते बाहेर येणारच. म्हणून मला पाण्यात ठेवू नका, मातीत पुरू नका, आगीत टाकू नका. माझं काम संपलं म्हणून मला विसरू नका, कारण मी संपलेलो नाही.

काल मधल्या सुट्टीत खुशी इथून गेली. सवयीनं तिचा हात थाप मारायला वर उठला. मग तिला आठवलं. तिनं हात मागे घेतला, पाठीशी धरला, आणि लांबूनच मला म्हणाली, "बरा आहेस ना रे?"

त्या थापेसाठी मी दिवस मोजत होतो. ती पडली नाही, आणि मला किती बरं वाटलं.