चिंधी आता रडत नाही

मित्रांनो, बेलवलीच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दारात जे निळे, विटके पायपुसणे पडले आहे, ते मी. पायपुसण्यालाही काही सांगायचे असते, हे तुमच्यापैकी कुणाच्या मनात आले नसेल. असो. पाय पुसून घ्या आणि ऐका.

माझा जन्म उल्हासनगरच्या जीन्सच्या चिंध्यांतून झाला. तिथल्या एका कारखान्यात विठामावशी शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कापायच्या. कापडाचे उरलेले तुकडे त्या पिशवीतून घरी आणायच्या आणि मांडीवर घेऊन वेणीसारखे गुंफायच्या. त्या मांडीवरच मी मोठे झाले. त्यांचा मुलगा विनीत अंबरनाथला राहायचा, त्यामुळे घरात मावशी आणि मी, एवढाच आमचा संसार होता.

एकदा त्या पिशवीतून मांजरीचे पिल्लूही आले. कारखान्यातल्या ढिगाऱ्यात सापडले होते. डोळे नुकतेच उघडलेले, आईचा पत्ता नाही. मावशींनी तिचे नाव चिंधी ठेवले आणि त्यांचे हाल सुरू झाले. चिंधी त्यांच्या साडीला लोंबकळायची, भाकरी थापताना खांद्यावर चढायची, कानाची पाळी चोखत बसायची. मोरीचे दार लावले तरी बाहेर आकांत! आधी सगळ्यांना गंमत वाटली. पण मावशी कामावर गेल्या की ती दिवसभर दार ओरबाडत रडायची, तेव्हा गंमत संपली.

शेजारची किर्ती रात्रपाळी करून सकाळी झोपायची. एके दिवशी ती तांबारलेल्या डोळ्यांनी दारात उभी राहिली.

"मावशी, नाईट मारून येते मी. डोळ्याला डोळा नाय लागत. हिला वांगणीला सोडून या ना. शेतंबितं आहेत तिकडे, जगेल."

"इवलीशी आहे गं. कुत्री फाडतील तिला."

"मग गप करा काहीतरी करून! नायतर मीच नेऊन सोडेन."

मावशी घाबरल्या आणि घाबरलेले माणूस करते तेच त्यांनी केले. ओरडल्या, तोंडावर पाणी मारले. चिंधी जास्तच बिलगली. मग ती झोपली की मावशी चोरपावलांनी सटकू लागल्या. तेव्हापासून चिंधी धड झोपेनाच. मला ही युक्ती मुळीच पटली नव्हती, पण पायपुसण्याचे ऐकतो कोण!

शेवटी मावशींनाच उमगले. "हिची आई अशीच न सांगता गेली," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि मी पण तेच करते."

त्या दिवसापासून लपूनछपून जाणे बंद झाले. चिंधी मानेत घुसली की मावशी तिला ढकलत नसत, अलगद उचलून माझ्यावर ठेवत. माझ्या विणीत त्यांचा वास मुरलेला होता. चिंधी मला पंजांनी तुडवायची, माझा कोपरा चोखायची, आणि मी बिनदुधाची आई होऊन पडून राहायचे. निघताना मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "येते हं, चिंधे." आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आधी त्या नुसत्या जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. मग दुकानापर्यंत. आत रडणे चालू असेतो दार उघडत नसत, आणि आल्यावर उगाच लाडांचा गोंधळ घालत नसत. हळूहळू चिंधीची खात्री पटली. ती माझ्यावर मुटकुळे करून शांतपणे वाट बघू लागली. किर्तीला झोप मिळू लागली आणि वांगणीचा विषय निघेनासा झाला. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणाल तर तेवढेच.

मग एका दुपारी मावशींच्या छातीत दुखू लागले. विनीत रिक्षा घेऊन आला. मावशींना वाकवत नव्हते, तरी भिंत धरून वाकल्या आणि म्हणाल्या, "येते हं."

त्या आल्या नाहीत. हॉस्पिटलातच गेल्या.

चिंधी रडली नाही. तिला तसेच शिकवले होते. घराची किल्ली किर्तीकडे होती; ती चिंधीपुढे वाटीत दूध ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "काय समजूतदार झालीये! एकदा पण आवाज नाय." मला ओरडून सांगावेसे वाटे, अगं, तिला कळलेलेच नाही, ती अजून वाट बघते आहे! दूध तसेच राहायचे. जिन्यात पाऊल वाजले की तिचे कान उभे राहायचे. पुढेपुढे तेही थांबले.

आज विनीत सामान न्यायला आला. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतले.

"आईला सोडायची नाहीस ना तू? धर ना मग मला. धर ना, चिंधे."

चिंधीने साधे नखसुद्धा लावले नाही. ती त्याच्या हातात सैल पडून राहिली. एवढा मोठा विनीत, भिंतीला टेकून हमसून रडला. मग तिला माझ्यावर ठेवून तो गुरांचा डॉक्टर शोधायला धावला. पण ती आता इतकी हलकी झाली आहे की अंगावर आहे की नाही, हेही मला कळत नाही. मला आशा वाटत नाही. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, चिकटणाऱ्या पिल्लाला एकटे राहायला जरूर शिकवा, मायेने शिकवा. मावशींचे काही चुकले नाही. चुकले ते आमचे, मागे राहिलेल्यांचे. घरातले कुणी जाते तेव्हा रडणाऱ्यांभोवती सगळे जमतात. कोपऱ्यात गप्प बसलेले कुणी दिसले, तर त्याला शहाणे म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला कुशीत घ्या, आणि हे पहिल्याच दिवशी करा.