माझ्या पोटातला सा

मी अँप्लिफायर बोलतोय, आणि शब्दन् शब्द खरं बोलतोय. खोटं असेल तर माझे पाचही व्हॉल्व्ह आत्ताच्या आत्ता विझोत! जन्म माझा विलायतेतला... बरं, ट्रान्सफॉर्मर तेवढा विलायतेतला. बाकी मी कल्याण कॅम्पातल्या लष्करी भंगारातून निघालो आणि सन एकोणपन्नासला नौपाड्यात, परशुराम नावाच्या कारकुनाच्या स्वयंपाकघरात, पाटावर जोडला गेलो. व्हॉल्व्हही चारच आहेत. पण शपथ तर घेतली ना!

परशुरामाची बायको वासंती. दिवेलागणीला ती माझ्या माइकपुढे गायची. घरात तंबोरा नाही, पेटी नाही. होतो तो मी. परशुराम म्हणायचा, "तू गा, मी मशीन तपासतो." काय तपासायचा देव जाणे, डोळे मिटून बसायचा.

आता माझ्या पोटातली गोष्ट. भिंतीतून येणारी वीज असते जाडीभरडी. ती गाळून मऊ करायचं काम दोन कंडेन्सरांचं. माझे भंगारातलेच, दोन-तीन वर्षांत आतून वाळले. त्यांना गाळणं जमेना आणि कर्ण्यातून सतत 'घूं' येऊ लागलं. रोजचा आवाज माणसांना ऐकूच येत नाही म्हणा. वासंतीच्या गळ्याला मात्र तो ऐकू यायचा. तिनं नकळत त्या 'घूं'लाच आपला सा मानलं.

सन छप्पनला चाळीच्या गणपतीत तिचं गाणं ठरलं. चारचौघांत पहिलंच. नणंद सरोज डोंबिवलीहून खास ऐकायला आली. 'खास' म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. पायावर पाणी घेता घेताच म्हणाली, "दादा, तुझ्या डब्यात भुंगा शिरलाय की काय रे? आज वहिनी गाणार की तो?"

परशुरामाला ते लागलं. भर दुपारी त्यानं मला उलथं केलं. प्लग काढला तरी कंडेन्सरच्या पोटात वीज दबा धरून बसते, म्हणून आधी स्क्रूड्रायव्हर टेकवून ती 'ठो' करून बाहेर काढली. सरोज केवढ्यांदा किंचाळली! (तो 'ठो' मी जरा जास्तच मनापासून काढला होता.) जुने कंडेन्सर उखडले, नवे डाखले. मी चिडीचूप.

संध्याकाळी मला मांडवात पडद्यामागे मांडलं, मांडव भरला. पेटीवाले शहाडला बारशाला गेलेले. वासंती बसली, पदर सावरला, आणि नुसती बसूनच राहिली. मग पडद्याकडे मान वळवून म्हणाली,

"अहो, माझा सा कुठाय?"

माइक चालू होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

"कसला सा?" पडद्यामागून परशुराम.

"यातनं यायचा तो! दुपारी काढलात की काय?"

"अगं, तो बिघाड होता!"

"बिघाड? चार वर्षं मी त्याच्यावर गातेय!"

मांडव हसला. सरोज सरसावून बसली. वासंतीचे कान लाल झाले. ती उठणारच होती. तेवढ्यात परशुरामानं पाच मिनिटांत नवे कंडेन्सर उपटून जुने जोडले आणि मी चारही व्हॉल्व्ह फुलवून असा घुमलो म्हणता! वासंतीनं डोळे मिटले, सा लावला, आणि गाणं असं रंगलं, की शेवटी सरोजच म्हणाली, "वहिनी, अजून एक!"

त्याला तीन वर्षं झाली. आता मी फळीवर असतो, अंगावर सरोजनं विणलेला रुमाल, आणि पोटात तेच नवे कंडेन्सर.

पकडलंत ना? नवे उपटले होते, तर पोटात कसे?

बरं, सांगतो. त्यांना कुणी हातच लावला नव्हता. जुने तर दुपारीच केरात गेलेले. निवेदकाचा माइक ओढून घेऊन, पडद्यामागे गुडघ्यांत डोकं घालून, तासभर 'घूं' करत होता तो परशुराम. तेवढा सा मी माझ्या नावावर लावला. 'अजून एक' मात्र खरं. ते ऐकून बिचारा कळवळला होता.

अजूनही दिवेलागणीला वासंती गायला बसते, आणि वर्तमानपत्राआडून 'घूं' येतं. तिला वाटतं, तो मीच. कधी चहाला गेलात तर कृपा करून तिला सांगू नका.

फक्त एक आहे. परशुराम श्वास घ्यायला थांबला, की तीही थांबते.