नंबरप्लेटवरचा चिखल

पुलावर टोलच्या खिडक्या होत्या तेव्हा तिला सगळे चिल्लरताई म्हणायचे. बाकीच्या खिडक्यांवर सुट्ट्या पैशांवरून रोज खडाजंगी व्हायची, हिच्या खिडकीवर कधीच नाही. ही घरून निघतानाच सुट्ट्या नाण्यांची थैली घेऊन निघायची, आणि ड्रायव्हरने नोट पुढे करायच्या आत हिची मूठ बाहेर आलेली असायची. मग पुलावर कॅमेरे बसले. एका सकाळी क्रेन आली आणि खिडक्या, आतली स्टुलं, गळके पंखे सगळं उचलून घेऊन गेली. आता पुलावर कुणी थांबत नाही. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो, मशीन नंबर वाचतं आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या फोनवर बिल जातं. चिल्लर गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मशीन हुशार असलं तरी त्यालाही कधीकधी घाम फुटतो. प्लेट वाकलेली असली, तिच्यावर ओलं पान चिकटलेलं असलं की ते मुकाट्याने तो फोटो माणसांकडे ढकलतं. ही माणसं पुलाच्या टोकाला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. तिथे पडदे कायम ओढलेले आणि कॉफीचं यंत्र असं, की कुठलंही बटण दाबा, गरम पाणीच येतं. चिल्लरताईला तिथे एक खुर्ची मिळाली. समोर स्क्रीनवर दिसते ती नुसती प्लेट. बाकी गाडी झाकलेली, म्हणजे कोण कुणाबरोबर कुठे चाललंय याच्या चांभारचौकशा कुणी करू नयेत. नंबर वाचता आला तर लिहायचा, नाही आला तर ‘वाचता येत नाही’ हे बटण दाबायचं. मग ती गाडी त्या दिवशी फुकट पार.

पगार पूर्वीइतकाच होता, पाठ दुखायची थांबली होती, तक्रार करायला जागा नव्हती. तरी ती घरी येऊन सासूबाईंना म्हणायची, “आई, आज अख्खं गाव पुलावरून गेलं आणि एकाचंही तोंड दिसलं नाही.”

एका प्लेटवर मात्र तिचा हात हमखास थबकायचा. मधल्या दोन आकड्यांवर चिखल आणि बाकीचे आकडे आरशासारखे लख्ख. शेजारच्या टेबलांवर ही प्लेट आली की हशा पिकायचा. “आला बघा चिखल्या,” असं म्हणून कुणीतरी बटण दाबायचं आणि चिखल्या फुकटात पलीकडे जायचा. पण फोटो चिल्लरताईच्या वाट्याला आला की ती पुरा नंबर लिहून मोकळी व्हायची. तिला तो वाचावा लागतच नव्हता. तो खुर्च्यावाल्याच्या व्हॅनचा नंबर होता आणि तिला तोंडपाठ होता.

खुर्च्यावाला म्हणजे मोडक्या खुर्च्या दुरुस्त करणारा. कुणाची बैठक विणून दे, कुणाची गादी भरून दे, असं त्याचं काम, आणि दुकान नदीपलीकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजारची खिडकी रिकामी असली तरी हा चिल्लरताईच्या रांगेत उभा राहायचा, मागून कितीही हॉर्न वाजोत. खिडकीशी आला की विचारायचा, “झाली का सकाळ?” ती म्हणायची, “तुम्ही आलात, आता झाली.” तिचाही नवरा गेलेला होता. पण यापलीकडे दोघं कधी बोलले नाहीत. मागे एवढे हॉर्न वाजत असताना माणूस बोलणार तरी काय?

एका गुरुवारी सुपरवायझरने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. पोरगा तिच्या भाच्याच्या वयाचा, तिला अहो-ताई करणारा, कामात चोख. त्याने विचारलं, ही चिखलाची प्लेट फक्त तुम्हालाच कशी वाचता येते? ती म्हणाली, नजरेला सवय आहे. त्याला ते पटलं, उलट त्याने तिचे आभारच मानले. तिच्यामुळे नंबर हाती लागला होता, आणि बाकीच्यांनी सोडून दिलेले चिखलाचे सगळे फोटो त्याच व्हॅनचे निघाले होते. कुणीतरी मुद्दाम नंबर झाकत होतं. प्रकरण आता वाहतूक पोलिसांकडे जाणार, व्हॅन जप्त होणार, लायसन्स निलंबित होणार. नंबर तिने वाचलेला म्हणून साक्षीची सही तिची. सोमवारी करून टाका, म्हणाला.

“त्याने स्वतः येऊन कबूल केलं असतं आणि कारण पटलं असतं, तर पैसे भरून घेऊन मी सोडलं असतं,” तो म्हणाला. “पण ऑफिसातली माहिती वापरून मालकाला गाठायचं नाही, हा नियम आहे.”

तिला आधी राग आला तो खुर्च्यावाल्याचा. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून जगात तिने एकालाच मार्क दिले होते, आणि तोच चार पैशांसाठी प्लेटला चिखल फासत होता! पण खात्रीसाठी म्हणून सुपरवायझरने अख्खा फोटो उघडला, आणि ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

व्हॅन नव्यासारखी चकचकीत होती. बंपरवर डाग नाही, काचेवर धूळ नाही. चिखल होता तो तेवढा दोन आकड्यांवर, आणि तोही कडेला नीट कातरल्यासारखा. काचेमागे खुर्च्यावाला ताठ बसला होता. केस विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. रस्त्याकडे बघायचं सोडून तो वर, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, स्टुडिओत फोटो काढायला बसल्यासारखा. सुपरवायझरने पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. सगळ्यांत तेच हसू.

“निर्लज्जपणा बघा,” सुपरवायझर म्हणाला.

तिला एकदम खिडकीचा शेवटचा दिवस आठवला. खुर्च्यावाल्याने विचारलं होतं, आता तुम्ही कुठे? आणि मागच्या हॉर्नच्या गोंगाटात ती घाईघाईने सांगून गेली होती, “आत बसणार. मशीनला जे वाचता येत नाही, ते आम्ही बघणार.” उचलली जीभ लावली टाळ्याला. तिला वाटलं होतं, कानावर आलं आणि पुलावरून वाहून गेलं. या बाबाने ते शब्दशः धरून ठेवलं होतं. मशीनला वाचता आलं नाही तर ती बघणार, म्हणून मशीनला वाचता येऊ द्यायचं नाही. आणि तिच्या स्क्रीनवर प्लेटच तेवढी दिसते हे त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो इतके दिवस झाकलेल्या चौकटीआडून हसत होता.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. घरात माणसं दोनच, ती आणि सासूबाई. बसायला एक पलंग, एक प्लास्टिकचं स्टूल आणि खिडकीपाशी तिच्या नवऱ्याची लाकडी खुर्ची. खुर्चीची बैठक खचून खाली आली होती, विणकामाच्या पट्ट्या लोंबत होत्या. पण सासूबाई तिच्यावर कुणाला बसू देत नसत, टाकूही देत नसत, दुरुस्तीचं नाव काढलं तर दोन दिवस अबोला धरत. मुलगा बसायचा ती जागा. चिल्लरताई झाडू मारताना त्या खुर्चीला वळसा घालायची.

सासूबाईंनी तिच्या पोटातलं सगळं काढून घेतलं. त्यांच्यापुढे पोलिसांचं काही चालणार नाही, तिथे सुनेची काय कथा. ऐकून त्या आधी मनसोक्त हसल्या. म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण ते हेच. मग गंभीर झाल्या आणि सोमवारी काय करणार ते विचारलं.

“सही केली तर त्याची गाडी जाणार. गाडी गेली की धंदा गेला,” ती म्हणाली.

“आणि खरं कारण सांगितलंस तर?”

“सगळ्या ऑफिससमोर? या वयात? नको आई. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मान्य,” सासूबाई म्हणाल्या. “पण एवढे सव्वा लाख घेऊन तू करणार काय आहेस?”

शनिवारी तिला सुट्टी होती. पुलाच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, तिथे खुर्च्यावाला रोज सकाळी चाकांत हवा भरतो. ही माहिती ऑफिसातली नव्हती. हवेच्या रांगेमुळे उशीर झाला, असं त्यानेच खिडकीवर कितीदा सांगितलं होतं. तेव्हा नियम मोडला असं कुणी म्हणू नये. ती पोचली तेव्हा तो व्हॅनच्या पुढ्यात उकिडवा बसला होता. एका हातात बूटपॉलिशची जुनी डबी, डबीत कालवलेला चिखल, दुसऱ्या हातात खुर्च्यांना सरस लावायचा बारका ब्रश. जीभ दातात धरून तो दुसऱ्या आकड्याची कड सारखी करत होता.

“झाली का सकाळ?” तिने मागून विचारलं.

तो इतक्या घाईने उठला की डबी उपडी झाली. ब्रश त्याने पाठीमागे लपवला, म्हणजे जणू तिने तो पाहिलाच नव्हता. तिने मनात बरंच रागावायचं ठरवून आणलं होतं. ते सगळं विसरून तिने सरळ प्रकरण सांगून टाकलं. पोलीस, जप्ती, सही, सोमवार. तो मान खाली घालून ऐकत राहिला. स्क्रीनवर नुसती प्लेट दिसते, हे ऐकल्यावर मात्र त्याने वर पाहिलं.

“म्हणजे मी दिसतच नव्हतो?”

“नाही. गुरुवारी पहिल्यांदा दिसलात.”

“तरी बिलं यायची की,” तो म्हणाला. “रोज नाही, मधूनमधून. मी विचार केला, झाकलेला नंबर दुसऱ्या कुणाला कसा कळणार? ज्या दिवसाचं बिल आलं, त्या दिवशी तुम्ही बघितलं. मला तेवढं पुरायचं. मागे बरेच दिवस एकही बिल आलं नाही. आजारी होतात का?”

ती खरंच आजारी होती, तापाने पडली होती. ऑफिसातल्या कुणी फोन केला नव्हता. ती रडेल असं तिला वाटलं नव्हतं, पण हवेच्या पाइपापाशी उभी राहून ती रडली, आणि तो बिचारा चिखलाच्या हाताने रुमाल शोधत राहिला.

तिने त्याला बजावलं, सोमवारी या आणि कबूल करा. तो म्हणाला, येतो, पण तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. त्याला जेवढा नंबर लपवता आला, तेवढंच खोटं बोलता येत होतं, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. काचेच्या खोलीचं दार उघडंच होतं, सगळ्यांचे कान तिकडे. सुपरवायझरने चिखलाचं कारण विचारलं. खुर्च्यावाला म्हणाला, रस्त्यावरून उडत असेल. नेमका दोनच आकड्यांवर? हो. रोज? रस्ता तोच आहे ना साहेब. कॅमेऱ्याकडे बघून हसता कशाला? चेहराच तसा आहे. कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरने कंटाळून फाइल पुढे ओढली आणि म्हणाला, मग माझा नाइलाज आहे. व्हॅनची किल्ली खुर्च्यावाल्याने आधीच खिशातून काढून हातात धरली होती, आणि टेबलांकडे, जिथे ती बसली होती तिकडे, त्याने एकदाही पाहिलं नाही.

चिल्लरताई उठली. ती दारापर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चिखल माझ्यासाठी लावत होते. मी बघावं म्हणून. आणि नंबर मला वाचता येत नव्हता, मला तो पाठ होता.”

खोलीत कुणी हसलं नाही. सुपरवायझरचे कान लाल झाले. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ फाइलची दोरी बांधत बसला. मग म्हणाला, राहिलेले पैसे भरा आणि जाताना प्लेट धुवा. ताई, ओळखीची गाडी आली तर इथून पुढे मला आधी सांगायचं. खुर्च्यावाल्याने पैसे भरले. खाली टायरच्या दुकानातून पाणी मागून घेऊन त्याने प्लेट धुतली, आणि वरच्या मजल्यावरचे पडदे त्या दिवशी पहिल्यांदा थोडे सरकले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो कुणाकडेच आला नाही. मशीनने नंबर स्वतःच वाचला. ती दिवसभर स्क्रीनकडे बघत होती आणि तो कधी गेला ते तिला कळलंसुद्धा नाही. तिला वाटलं, हेच का आपण मागून घेतलं?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. खिडकीपाशी जागा मोकळी होती. लाकडी खुर्ची दाराशी, चपलांच्या शेजारी आणून ठेवलेली. लोंबणाऱ्या पट्ट्या त्यांनी दोऱ्याने नीट बांधल्या होत्या. एवढं जड लाकूड या वयात एकटीने कसं ओढलंत, असं ती विचारणार होती. पण सासूबाईंचे डोळे बघून तिने विचारलं नाही.

“ती खुर्ची त्याला दाखवायची आहे,” सासूबाई म्हणाल्या. “बोलाव त्याला. आणि सांग, दुरुस्त केली की बसूनसुद्धा दाखवायला लागेल.”