जास्तीचे दोन वेढे

“अब्बा, झाले ना वेढे. अजून काऊन फिरवून राह्यले?”

कय्यूम शिडीवर उभा होता. शटर वर गुंडाळलेलं, त्याच्या आतली लोखंडी नळी मोठ्या पान्यात धरलेली, आणि नळीवरची नवीकोरी स्प्रिंग पीळ घेताना कुरकुरत होती. समोरच्या शिडीवर त्याचा मुलगा नौमान बोल्ट घेऊन तयार होता. त्याचं मोबाइलचं दुकान, पण आज बापाला दुसरा हात लागणार म्हणून तो आला होता. कय्यूमनं त्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाना आणखी एकदा फिरवला, मग आणखी एकदा.

“घाल आता बोल्ट,” तो म्हणाला.

खामगावात कुणाचं शटर अडलं की पहिलं नाव कय्यूमचं निघायचं. शटर कमरेएवढं उचलून सोडलं की तिथंच थांबलं पाहिजे, ना वर पळावं ना खाली आपटावं, हा त्याचा धडा. आणि याच वस्तादाच्या घरच्या दुकानाचं शटर मात्र सोडलं की सुसाट वर! दिव्याखाली अंधार म्हणत त्याच्या धंद्यातले लोक खुशाल हसायचे. हसेनात का बापडे, त्यांना कारण कुठं ठाऊक होतं?

कारण होती खुर्शीदा, त्याची बायको. हे शिलाईचं दुकान तिचं. मशीन चालवून चालवून तिचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना. दुकान बंद कर म्हटलं तर बाईनं दोन दिवस अबोला धरला. मग एका जुम्म्याला नमाजेहून आल्यावर कय्यूमनं गुपचूप स्प्रिंगला दोन वेढे जास्तीचे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डाव्या हाताची बोटं लावली मात्र, शटर सर्रकन वर गेलं.

“शटर आहे का पडदा, हो?” म्हणत ती कितीतरी वेळ हसत राहिली.

उघडणं सोपं झालं, पण बंद करणं होऊन बसलं अवघड. खाली ओढलेलं शटर वीतभर वर यायचं आणि कुलूप काही लागायचं नाही. म्हणून काम चिखलीला असो की वडनेरला, संध्याकाळी कय्यूम हजर. तो शटर ओढायचा, खालच्या पट्टीवर पाय दाबून उभा राहायचा. खुर्शीदा खाली बसून कुलूप लावायची आणि म्हणायची, “लागलं. पाय काढा.” मग दोघं बोलत बोलत घरी जायची, ती रस्त्याच्या कडेनं आणि तो रहदारीच्या बाजूनं. संसारात काय कमावलं असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्यानं हेच सांगितलं असतं.

ती गेल्यावरही तो रोज सकाळी दुकान उघडत राहिला. शिवायला कुणी नव्हतं. पण बोट लावताच शटर वर जायचं, तेव्हा आतून तीच हात देतेय असं त्याला वाटायचं. हे वेडेपण आहे हे त्यालाही कळत होतं. पण करणार काय, त्याला ती हवी होती.

आणि मागच्या आठवड्यात स्प्रिंग तुटली. जास्त पिळलेली स्प्रिंग लवकर दगा देते, हे तो जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्यातच नौमाननं दुकान प्रतिमाताईंना भाड्यानं द्यायचं ठरवलेलं. कचेरीतल्या कारकुनाची बायको, साड्यांना फॉल-पिको करणारी. कय्यूम नको म्हणाला नाही. दुकान गेलं तर जाऊ दे, शटर तेवढं खुर्शीदाच्या हाताचं राहू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुपारी प्रतिमाताई आल्या. चारचौघं उचलतात तसं त्यांनी वाकून दोन्ही हातांनी जोर लावला. शटर हातातून निसटलं, धाडकन वर आपटलं आणि त्या मनगट धरून मागं सरल्या. रागावल्या नाहीत. हे रोज असंच होणार का, एवढं मात्र त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, कारण दुकानात त्या एकट्याच असणार होत्या.

नौमान बापाजवळ आला. “अब्बा, अम्मीचा खांदा दुखत होता. या ताईचा नाही दुखत.”

कय्यूम शिडी चढला. पान्यानं नळी घट्ट धरून त्यानं नौमानला बोल्ट काढायला सांगितलं, तसा स्प्रिंगचा सगळा ताण त्याच्या दंडात आला. एक वेढा त्यानं सावकाश सोडला. दुसऱ्याला मात्र थांबला. ओढ लागलेली ती नळी हातात धरून तो नुसता उभा राहिला.

“सोडा, अब्बा,” नौमान म्हणाला.

त्यानं तोही वेढा सोडला.

आता शटर कमरेएवढं उचललं की तिथंच थांबत होतं. प्रतिमाताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सामान लावलं, झाडलोट केली, आणि दिवेलागणीला शटर खाली ओढून पिशवीतून कुलूप काढलं. तोवर कय्यूम पुढं झाला होता. त्याचा पाय पट्टीवर गेलासुद्धा.

पायाखाली काहीच उसळलं नाही. पट्टी निमूट जमिनीला टेकली होती. त्याला ते कळलं, तरी पाय निघेना.

प्रतिमाताईंनी कुलूप लावून ओढून पाहिलं आणि मान वर केली.

“लागलं, चाचा. पाय काढा.”

कय्यूमनं पाय काढला. शिड्या नौमान घेऊन गेला होता. कय्यूम एकटाच घराकडे निघाला, आणि चालताना त्यानं रस्त्याच्या कडेची बाजू सवयीनं मोकळी सोडली होती.